दरवर्षी नव्या लोकांचे सर्वेक्षण केले, तर ते दीर्घकालीन संशोधन ठरते का?

एकाच विषयावर दरवर्षी नव्या नमुन्याचे सर्वेक्षण केले, तर समाजशास्त्रात त्याला लाँजिट्यूडिनल, म्हणजे दीर्घकालीन संशोधन म्हणता येईल का, असा आपला प्रश्न आहे. काही पाठ्यपुस्तके त्यालाही याच सदरात घालतात. माझ्या मते मात्र त्याच व्यक्तींकडे पुन्हा पुन्हा जाणे, म्हणजे पॅनेल अभ्यास, हाच या पद्धतीचा गाभा आहे.

समजा, १०० कुटुंबांपैकी २० गरीब आढळली आणि पाच वर्षांनी घेतलेल्या नव्या नमुन्यातही २०च आढळली. यावरून काहीच बदलले नाही असे वाटेल. पण तीच २० कुटुंबे गरिबीत अडकून पडली, की काही बाहेर पडून त्यांच्या जागी दुसरी आली, हे त्या आकड्यांतून कळणार नाही, आणि धोरणाच्या दृष्टीने या दोन स्थितींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९६८ मध्ये सुरू केलेल्या उत्पन्नविषयक पॅनेल अभ्यासात तीच कुटुंबे, आणि घराबाहेर पडून वेगळा संसार मांडणारी त्यांची मुलेही, पुढे पाहिली गेली. गरीब ठरलेल्यांपैकी अनेक जण थोड्याच काळासाठी गरीब असतात, हे त्यातूनच स्पष्ट झाले.

अडचणीही मोठ्या आहेत. गळती, म्हणजे लोक अभ्यासातून मध्येच सुटणे, ही त्यांतली सर्वांत गंभीर, कारण गळणारे लोक सहसा यादृच्छिक, म्हणजे योगायोगाने कोणीही, असे नसतात. घर सुटलेले, आजारी पडलेले, काम शोधत फिरणारे लोकच आधी हातातून निसटतात, म्हणजे ज्यांच्या आयुष्यात बदल होत असतो नेमके तेच. वारंवार विचारल्याने उत्तरेही बदलू शकतात. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड यांनी १९४० मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एरी काउंटीत ६०० मतदारांच्या मुलाखती अनेक महिने घेतल्या, तेव्हा ही शंका तपासण्यासाठी त्यांनी वेगळे नियंत्रण गटही, म्हणजे तुलनेसाठी वारंवार न विचारलेल्या लोकांचे गटही, ठेवले होते. ही काळजी मला आजही अनुकरणीय वाटते.

दोन फेऱ्यांची माहिती जुळवण्याचे काम मी स्वतः केले आहे. पहिल्या फेरीत ३४ वर्षांची नोंदवलेली व्यक्ती चार वर्षांनंतरच्या फेरीत ३५ वर्षांची दिसली, तेव्हा वय चुकले की माणूसच बदलला, हे ठरवण्यासाठी शिक्षण, नाते आणि मुलांची जन्मवर्षे एकेक करून ताडून पाहावी लागली. माणूस हातातून निसटू नये आणि त्याची ओळखही पटावी, म्हणून आपण असा अभ्यास आखत असाल, तर पहिल्याच भेटीत प्रत्येकाकडून, त्याच्या संमतीने, त्याचा ठावठिकाणा सांगू शकतील अशा दोन-तीन परिचितांचे संपर्क अवश्य नोंदवून घ्या.