वाचकांचे प्रश्न : सोळावी पावती का अडते?

प्रश्न : आमची उपसा जलसिंचन संस्था वाळवा तालुक्यात आहे. पाणीपट्टीच्या पावत्या फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर निघतात. १९९६ साली ज्यांनी प्रोग्रॅम लिहून दिला, ते आता हयात नाहीत. वर्षभर काही त्रास नसतो. मार्चअखेर सभासदांची रांग लागली की मात्र पंधरा-सोळा पावत्यांनंतर ‘डू नेस्टिंग टू डीप’ असा संदेश येतो. ‘इग्नोर’ दाबलं तर पावती निघते, पण ‘अक्षरी रुपये’ची ओळ कोरी. मग तोच संदेश पुन्हा, पुन्हा ‘इग्नोर’, तेव्हा कुठे मेनू येतो. बंद करून चालू केलं की ठीक. इंडेक्स (नोंदी शोधण्याच्या सूची) नव्याने करून झाले, फरक नाही. एक जण म्हणतात, त्याची नंतरची आवृत्ती, व्हिज्युअल फॉक्सप्रो टाका. मेनू, पावती आणि अहवाल या तीन फायलींची प्रिंट सोबत जोडली आहे.
— लिपिक, पाणी संस्था, जि. सांगली

उत्तर : ताई, रांगेसमोर बसून तुम्ही पावत्या मोजल्यात आणि ‘इग्नोर’ दोनदा दाबावं लागतं हेही लिहिलंत. त्यामुळे दोष प्रिंट पाहताक्षणी सापडला. तो इंडेक्समध्ये नाही आणि संगणकातही नाही. पावतीच्या फायलीत अगदी तळाला ‘डू मेनू’ अशी ओळ आहे ना, तिथे आहे.

‘डू’ म्हणजे दुसरा प्रोग्रॅम बोलावण्याची आज्ञा. मेनूमधून ‘डू पावती’ होतं, तेव्हा मेनूचा प्रोग्रॅम संपत नाही. तो तिथेच थांबून पावतीची वाट बघतो. काम झालं की पावतीने ‘रिटर्न’ करून त्याच्याकडे परत जायचं असतं. तुमची पावती परत जात नाही, ती नवा मेनू बोलावते. पडद्यावर तोच निळा चौकोन दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण आता खाली एक जुना मेनू ताटकळलाय, त्याच्यावर एक पावती आणि तिच्यावर हा दुसरा मेनू. फॉक्सप्रो २.६ मध्ये असे ३२ थर चालतात. प्रत्येक पावतीमागे दोन थर चढतात, म्हणजे सोळाव्या पावतीला बत्तीस भरले. त्या पावतीच्या मधोमध रक्कम अक्षरात करणारं फंक्शन बोलावलं जातं. त्याला तेहतिसावा थर लागतो, तो मिळत नाही. ‘इग्नोर’ म्हणजे ती ओळ सोडून पुढे जा, म्हणून अक्षरी रकमेची जागा कोरी. मग तळाची ‘डू मेनू’ येते, तीही बसत नाही, म्हणून दुसरा संदेश. तीही ओळ सोडली की पावती संपते आणि आपोआप खालच्या मेनूवर येते. एरवी दिवसाला आठ-दहा पावत्या होत असणार आणि संध्याकाळी संगणक बंद, म्हणून इतकी वर्षं हे झाकलेलं राहिलं.

व्हिज्युअल फॉक्सप्रोत ही मर्यादा मुळात १२८ आहे. तिथे सोळाऐवजी चौसष्टाव्या पावतीला अडाल, इतकाच फरक. शिवाय मायक्रोसॉफ्टने त्याचाही आधार २०१५ मध्ये थांबवला. या दोषासाठी तो खर्च करू नका.

आता दुरुस्ती. सगळ्या फायलींतली ‘डू मेनू’ काढून ‘रिटर्न’ घाला, असं कुणीही सांगेल, पण तेवढ्यावर थांबू नका. एका पतसंस्थेत मी शनिवारी नेमकं तेवढंच करून घरी आलो होतो. सोमवारी अकरा वाजता फोन आला : अहवालातून शून्य दाबून बाहेर आलं की अख्खा प्रोग्रॅमच बंद पडतो. काउंटरवर पिग्मी एजंट उभे होते.

तुमच्याकडेही तेच होईल. मुख्य मेनू निवडीचा आकडा ‘सीएच’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या कप्प्यात, ठेवतो आणि तो शून्य होईपर्यंत फिरत राहतो. अहवालाचा छोटा मेनूही त्याच ‘सीएच’मध्ये आपला आकडा ठेवतो. फॉक्सप्रोत बोलावलेल्या प्रोग्रॅमला बोलावणाऱ्याचे व्हेरिएबल दिसतात आणि बदलताही येतात. अहवालातून निघताना शून्य दाबलं, ते शून्य घेऊनच मुख्य मेनूकडे आलो. त्याला वाटलं आपल्यालाच बाहेर पडायला सांगितलं, आणि पुढच्याच ओळीला ‘क्विट’ आहे. माझा अंदाज असा की, मूळ लेखकांना ही अडचण आली असणार आणि त्यांनी ‘डू मेनू’ घालून ती त्या दिवसापुरती सोडवली. पुढे तीच ओळ पावतीतही उतरली. त्यांचा बाकीचा प्रोग्रॅम फार नेटका आहे. चुकीचा सभासद क्रमांक घातला तरी कुठे अडत नाही.

म्हणून जी फाइल ‘सीएच’मध्ये स्वतः काही भरते, तिच्या पहिल्या ओळीवर ‘प्रायव्हेट सीएच’ लिहा. मग तिचा ‘सीएच’ वेगळा आणि मेनूचा वेगळा. त्यानंतर ‘डू मेनू’च्या जागी ‘रिटर्न’. पावतीत ही ओळ दोनदा आहे : एक तळाला आणि दुसरी वर, ‘सभासद सापडला नाही’ या संदेशाखाली. दोन्ही बदला. ज्या फायलींची प्रिंट तुम्ही पाठवलेली नाही, त्याही एकेक उघडून शोधा.

हे सगळं मूळ फोल्डरमध्ये करू नका. आधी पूर्ण फोल्डर दुसऱ्या नावाने कॉपी करा आणि त्या कॉपीत बदल करा. बदल करूनही जुनंच वागणं दिसलं, तर संगणकाची तारीख बघा. बॅटरी गेलेल्या जुन्या मशीनवर ती १९८० सालच्या १ जानेवारीला जाऊन बसते. पीआरजी म्हणजे आपण लिहिलेली प्रोग्रॅमची फाइल, आणि एफएक्सपी म्हणजे फॉक्सप्रोने तिच्यावरून बनवलेली, प्रत्यक्ष चालणारी फाइल. फॉक्सप्रो पीआरजी फाइल नवी आहे का हे तारखेवरून ठरवतो. ती जुनी वाटली तर आधीची तयार एफएक्सपीच चालवतो, तुमची दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तारीख नीट करा आणि कॉपीतल्या एफएक्सपी फायली पुसून टाका. त्या पीआरजीवरून पुन्हा बनतात. पीआरजी मात्र पुसू नका.

मग कॉपीत सलग चाळीस खोट्या पावत्या काढा. मधेमधे अहवालात जाऊन शून्य दाबून परत या. चाळिसाव्या पावतीवर अक्षरी रक्कम आली आणि मेनू जागेवर राहिला, की बदललेल्या पीआरजी मूळ फोल्डरमध्ये न्या आणि तिथल्याही एफएक्सपी पुसा. कॉपीतल्या डीबीएफ, म्हणजे नोंदींच्या फायली, तिकडे नेऊ नका, त्यांत खोट्या पावत्या आहेत.

राहिल्या मार्चमधल्या कोऱ्या ओळीच्या पावत्या. तुमच्या प्रिंटप्रमाणे रक्कम छपाईच्या आधीच टेबलात जाते, त्यामुळे आकडा गेलेला नाही. तरी त्या दिवसांची टेबलातली बेरीज रोजकीर्दीशी एकदा ताडून घ्या. मग स्थळप्रतीवर अक्षरी रक्कम हाताने लिहून सचिवांची सही घ्या, आणि त्या सभासदांना त्यांची प्रत घेऊन बोलवा. ऑडिटच्या आधी हे उरकलेलं बरं.