पीव्हीआर एका थिएटरातून एवढी वाढली, मग आपल्या टॉकीजवाल्यांना ते का जमलं नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. दिल्लीतल्या एका थिएटरावरून बिजली कुटुंबाने पीव्हीआर ही मल्टिप्लेक्सची एवढी मोठी कंपनी कशी उभी केली, आणि तालुक्याच्या गावी एक बंद टॉकीज असलेल्या तुमच्या घराला आज तसं काही करता येईल का. पण प्रश्नाच्या शेवटी "त्यांच्याकडे भांडवल होतं, आपल्याकडे नव्हतं" असं लिहून उत्तरही तुम्हीच देऊन टाकलंय. मी लिहायला बसलो ते त्या वाक्यामुळे. हेच वाक्य आमच्या घरात प्रत्येक लग्नाकार्यात, प्रत्येक दिवाळीत ऐकत आलोय, आणि ते मला पटत नाही.

आमचीही टॉकीज होती, दक्षिण महाराष्ट्रात. आजोबांचा आधी तंबू होता, जत्रेजत्रेने फिरायचा. त्यातून पैसे साठवून त्यांनी साठच्या दशकात पक्कं थिएटर बांधलं. साडेसहाशे खुर्च्या, स्टॉल आणि बाल्कनी, मागे सायकल स्टँड, बाजूला कँटीन. बाजाराच्या दिवशी मॅटिनीसुद्धा हाउसफुल्ल जायची. आजोबा रात्रीच्या एसटीने मुंबईला जायचे, लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ बिल्डिंगमध्ये वितरकांच्या ऑफिसांचे जिने चढायचे आणि पिक्चर ठरवून परत यायचे. प्रिंटची पेटी एसटीच्या टपावरून यायची. कधी कधी शेजारच्या गावाबरोबर एकच प्रिंट वाटून घ्यावी लागे. मग त्यांच्याकडची पहिली रिळं संपली की माणूस मोटरसायकलवर ती घेऊन आमच्याकडे निघायचा. तो वाटेत अडकला तर इंटरव्हल लांबवायचा आणि भज्यांचा दुसरा घाणा काढायचा. एवढ्या अंगमेहनतीने धंदा करणाऱ्या माणसाकडे दृष्टी नव्हती असं कोणी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. गोष्ट बिघडली ती पुढच्या पिढीत.

आता बिजलींकडे या. १९७८ साली त्यांनी दिल्लीच्या वसंत विहारमधलं प्रिया थिएटर घेतलं. मूळ धंदा ट्रकचा, अमृतसर ट्रान्सपोर्ट कंपनी. म्हणजे घरात पैसा होता, हे खरंच. पण अजय बिजलींनी घरच्या पैशावर थिएटरांची रांग उभी केली नाही. १९९५ साली ते ऑस्ट्रेलियाच्या व्हिलेज रोडशो कंपनीबरोबर भागीदारीत गेले, साठ टक्के आपले आणि चाळीस त्यांचे. पीव्हीआर म्हणजे प्रिया व्हिलेज रोडशो, या नावात ती कंपनी अजूनही आहे. १९९७ साली साकेतमध्ये अनुपमचे चार पडदे सुरू झाले आणि देशाला पहिलं मल्टिप्लेक्स दिसलं. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियन भागीदार बाहेर पडला. आपल्याकडचं एखादं घर तिथेच बसलं असतं. त्यांनी २००३ मध्ये आयसीआयसीआय व्हेंचर या गुंतवणूक कंपनीकडून ३८ कोटी आणले, २००६ मध्ये कंपनी शेअर बाजारात नेली. पुढचं तुम्ही पेपरात वाचलं असेल: २०१२ मध्ये मुंबईच्या कनाकिया कुटुंबाची सिनेमॅक्स, २०१६ मध्ये डीएलएफची डीटी सिनेमाज, २०१८ मध्ये चेन्नईची एसपीआय, म्हणजे सत्यम थिएटरवाले, अशा साखळ्या विकत घेतल्या. आणि मार्च २०२२ मध्ये आयनॉक्स या दुसऱ्या मोठ्या मल्टिप्लेक्स साखळीबरोबर विलीनीकरणाची घोषणा. ते पुढच्या वर्षी पूर्ण झालं. घोषणेच्या वेळी दोघांचे मिळून १५४६ पडदे होते.

पण आकडा लक्षात ठेवायचा तो वेगळाच आहे. त्या घोषणेनुसार एकत्र झालेल्या कंपनीत बिजली कुटुंबाकडे उरणार होते १०.६२ टक्के. आयनॉक्सच्या जैन कुटुंबाकडे १६.६६. आणि तरीही मॅनेजिंग डायरेक्टर अजय बिजलीच. प्रत्येक वेळी मोठं होताना त्यांनी मालकीचा तुकडा दिला आणि कारभार हातात ठेवला. माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. हा आकडा मी थोरल्या काकांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "मग ती त्यांची राहिलीच कुठे?" आमची टॉकीज नेमकी या एका समजुतीने बंद पाडली.

कॉलेजच्या सुट्टीत मी बुकिंगला बसायचो. खिडकीच्या आत टेबलावर लाल कापडी बांधणीची वही असे. तिचं एक पान मला आजही दिसतं. वर शोंचा हिशेब, स्टॉल किती, बाल्कनी किती, करमणूक कर किती. त्याखाली ओळीने: प्रोजेक्टरच्या दिव्याचे कार्बन, पेटीचं एसटी भाडं, डोअरकीपरची उचल, विहिरीच्या मोटरचं वाइंडिंग, आत्याच्या लग्नाच्या बस्त्यासाठी अमुक, धाकट्या काकांच्या हाती तमुक. एकाच पानावर टॉकीज, शेत आणि घर. संध्याकाळी गल्ला उघडायचा आणि ज्याला जे लागेल ते घेऊन जायचा. तीन भावांमध्ये भांडण नव्हतं. म्हणूनच हिशेब विचारणं वाईट दिसायचं.

याचा परिणाम कुठे झाला ते सांगतो. वितरकाचा शेअर, म्हणजे गल्ल्यातला त्याचा वाटा, आठवड्याच्या आठवड्याला पोचला पाहिजे. तो आमच्याकडून उशिरा जायला लागला. आधी त्यांचा रिप्रेझेंटेटिव्ह येऊन काउंटरवर बसायला लागला, मग आगाऊ रक्कम मागायला लागले, मग नवा पिक्चर पहिल्या आठवड्यात दुसऱ्या थिएटरला जायला लागला. आम्हाला तो मिळायचा तेव्हा गावातल्या केबलवाल्याने दाखवून झालेला असायचा. लोक येईनात म्हणून गल्ला कमी, गल्ला कमी म्हणून शेअर आणखी उशिरा. काका म्हणतात केबलने मारलं. केबल तर सगळ्यांच्याच गावात होती.

२००१ साली महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली. पहिली तीन वर्षं कर पूर्ण माफ, पुढची दोन वर्षं पाव हिस्साच भरायचा. पुण्यात बंडगार्डन रोडला २००२ मध्ये आयनॉक्सने आपलं पहिलं मल्टिप्लेक्स काढलं. हे जैन कुटुंब मूळचं औद्योगिक वायूंच्या धंद्यातलं, सिनेमाशी त्यांचा काही संबंध नव्हता. दोनच वर्षांनी इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने पणजीला जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारात त्यांचं मल्टिप्लेक्स उभं राहिलं. त्याच सुमारास आमच्याकडे शहरातला एक थिएटरवाला आला. नाव लिहीत नाही, माणूस सरळ होता. त्याचं म्हणणं साधं होतं: बाल्कनी तोडून वर-खाली दोन पडदे करू, पुढच्या मोकळ्या अंगणात गाळे काढू, पैसा मी घालतो, जागा तुमची, नवी कंपनी काढून निम्मं-निम्मं. अट एकच, रोजचा भरणा बँकेत आणि हिशेब सीएकडे.

माजघरात बैठक बसली. माझ्या वडिलांना हे हवं होतं. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं की साडेसहाशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये दुपारच्या शोला चाळीस माणसं बसतात तेव्हा वीज, माणसं, पंखे सगळं साडेसहाशेचंच लागतं. पडदे दोन असले की पहिल्या आठवड्याला मोठ्या हॉलमध्ये लावलेला पिक्चर दुसऱ्या आठवड्याला छोट्यात नेता येतो आणि मोठा नव्यासाठी मोकळा होतो. ऑपरेटर तोच, कँटीन तेच. मल्टिप्लेक्सचं सगळं गणित यातच आहे. थोरल्या काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "परका माणूस आपल्या गल्ल्याला हात लावणार?" विषय संपला. वडील त्यानंतर टॉकीजच्या कारभारात बोलले नाहीत. काही वर्षांत टॉकीज बंद झाली. आता तिथे मंडपवाल्याचं सामान असतं.

म्हणून म्हणतो, भांडवल आमच्या दारात चालत आलं होतं. त्याला बसायला आम्ही जागा दिली नाही, कारण ते आलं असतं तर वही उघडावी लागली असती.

तुमच्या प्रश्नाखाली एकाने लिहिलंय की शेवटी ही कुटुंबंही विकूनच मोकळी झाली, कनाकियांनी सिनेमॅक्स विकली, श्रॉफ कुटुंबाने आपली फेम ही साखळी आयनॉक्सला दिली. हो, विकली. पण त्यांच्याकडे विकायला कंपनी होती. सिनेमॅक्सचे जेमतेम ६९ टक्के घ्यायला पीव्हीआरने ३९५ कोटी मोजले, कारण पडदे, भाडेकरार, माणसं, हिशेब असं सगळं चालू स्थितीत हातात मिळत होतं. आमच्याकडे विकायला होता तो प्लॉट. इमारत सांभाळली म्हणजे धंदा सांभाळला असं होत नाही.

मराठी माणसाला हे जमत नाही हेही मला मान्य नाही. पुण्यातल्या चाफळकरांनी सिटी प्राइड ही मल्टिप्लेक्सं उभी केलीच की. पिफच्या, म्हणजे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत कोथरूडच्या सिटी प्राइडबाहेर रांग लागायची. त्यांनी देशभर पडदे काढले नाहीत, पुण्यात घट्ट पाय रोवले. वाढ म्हणजे हजार पडदेच असं कोणी सांगितलं?

थोडं काकांच्या बाजूनेही लिहायला हवं, नाहीतर अन्याय होईल. करसवलत मल्टिप्लेक्सना मिळाली आणि एक पडदावाले पूर्ण कर भरत राहिले, हा अन्यायच होता. वसंत विहारचा प्रेक्षक आणि आमचा बाजारहाटाचा प्रेक्षक यांच्या खिशात फरक आहे. आज मल्टिप्लेक्सच्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा पॉपकॉर्न-समोशातून येतो, तो आमच्या भज्यांतून आला नसता. वितरकाशी भांडायची ताकदही वेगळी. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले अडून बसले, दोन महिने मोठे हिंदी पिक्चर लागले नाहीत, आणि शेवटी ठरलं की वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, मग ३०. एकट्या टॉकीजला कोण असं टेबलाशी बसवतो? कोविडमध्येही हेच दिसलं. पीव्हीआरने २०२० मध्ये राइट्स इश्यू काढून, म्हणजे आहेत त्याच भागधारकांना नवे शेअर देऊन, ३०० कोटी उभे केले. एक पडदावाला कोणाकडे जाणार होता? आणि मोठं होणं म्हणजे सुख असंही नाही. २०२३ मध्ये याच पीव्हीआर-आयनॉक्सने तोट्यातले पन्नास पडदे बंद करणार असं जाहीर केलं. तेव्हा त्यांचे शेअर घ्यावेत का, हे मला विचारू नका.

तुमच्या टॉकीजबद्दल मात्र सांगतो. पिक्चर, प्रोजेक्टर, रंगरंगोटी यांचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी जागा आणि धंदा वेगळे करा. चुलत-मावस सगळ्यांना धरून एक प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढा, जागा तिला भाड्याने द्या, आणि त्या कंपनीच्या बँक खात्यातून घरच्या कोणालाही पगाराशिवाय एक रुपया मिळणार नाही हे लिहून घ्या. मग चालवायला कोणी साखळीवाला येतो का बघा. जागेच्या मालकाने गुंतवायचं आणि साखळीने चालवायचं, असे करार हल्ली होतात. तो निम्मं मागेल. द्या. नगरपालिकेत बांधकामाचे नियमही विचारून घ्या. जुन्या थिएटरच्या जागी नवं काही बांधायचं तर त्यात काही खुर्च्यांचं थिएटर ठेवावं लागतं, अशी अट असू शकते. ती कळल्याशिवाय बिल्डरशी बोलू नका. कारभार एकाकडेच द्या, तो थोरला असलाच पाहिजे असं नाही. आमच्या घरात ज्याला गणित येत होतं तो मधला होता.

आणि वारसांचं आत्ताच उरका. आमच्या प्रॉपर्टी कार्डावर आता अकरा नावं आहेत, त्यातले काही परदेशात. गेल्या वर्षी एक चांगला भाडेकरू चालून आला, छोटे दोन पडदे करायला तयार होता. वकिलाने सगळ्यांच्या सह्या मागितल्या. सगळ्यात आधी सही दिली दोन्ही आत्यांनी, ज्यांना आजवर कुठल्याच बैठकीला बोलावलं नव्हतं. अडली आहे ती थोरल्या काकांची.