अडीच एकरासाठी १८ एचपीचा ट्रॅक्टर पुरेल की २८ चा घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जागा अडीच एकर. अर्ध्या एकरावर भाजीपाला, साठेक झाडांची बाग, उरलेलं गवत आणि चढाचा एक कच्चा रस्ता. कामं रोटाव्हेटरची (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करायची), गवत कापायची आणि लहान ट्रेलरमधून माती-खत वाहायची. १८ एचपी घ्यावा की २८, आणि फोर व्हील ड्राइव्ह हवाच का?

एचपीचा आकडा शेवटी बघा. आधी टेप घेऊन बागेत जा. झाडांच्या ओळींमधलं अंतर खोडापासून खोडापर्यंत नाही, फांद्यांपासून फांद्यांपर्यंत मोजा. फाटकाची रुंदी आणि ओळीच्या टोकाला वळायला उरणारी जागाही मोजा. ट्रॅक्टरची बाहेरची रुंदी यातल्या सर्वांत अरुंद जागेपेक्षा निदान ३० सेंटिमीटरनं कमी हवी. निम्मे पर्याय इथेच गळतात.

आता रोटाव्हेटर. त्याची रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरच्या रुंदीएवढी किंवा थोडी जास्त हवी. कमी असली तर प्रत्येक फेरीला चाकाखाली दाबलेला पट्टा तसाच राहतो आणि भाजीच्या वाफ्यात तो लगेच दिसतो. मध्यम जमिनीत रोटाव्हेटरला रुंदीच्या दर फुटाला साधारण ५ एचपी लागतात, चिकट किंवा कडक जमिनीत ६-७. हे एचपी पीटीओवरचे, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवरचे धरायचे, इंजिनाचे नाहीत. गिअरच्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनाच्या ताकदीतली ८५ टक्क्यांच्या आसपास पीटीओपर्यंत पोचते, हायड्रोस्टॅटिकमध्ये (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्यात) त्याहून कमी. म्हणजे चार फुटी रोटाव्हेटरला २० एचपी पीटीओ, म्हणजेच २३-२४ एचपीचं इंजिन. १८ एचपीवर तीन फुटी चालेल, पण तेव्हा ट्रॅक्टरही तेवढाच अरुंद हवा.

ताकदीइतकंच महत्त्व वजनाला आहे आणि माहितीपत्रकात ते कुठेतरी कोपऱ्यात असतं. हलक्या ट्रॅक्टरला जास्त एचपी दिले की चाकं जागेवर फिरतात. ओढकामात १० ते १५ टक्के घसरण चालते. त्यापुढे डिझेल आणि टायर दोन्ही वाया.

एक हिशोब करून बघा. ट्रॅक्टर ७५० किलोचा, त्यातले ३०० किलो पुढच्या अॅक्सलवर, दोन्ही अॅक्सलमधलं अंतर १.४ मीटर. मागे २०० किलोचं अवजार, त्याचा भारमध्य मागच्या अॅक्सलपासून १.२ मीटर मागे. ते उचललं की पुढचा भार २०० × १.२ ÷ १.४, म्हणजे सुमारे १७० किलोनं कमी होतो आणि पुढे १३० उरतात. स्टीअरिंग हातात राहायला ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनाच्या निदान २० टक्के भार पुढे लागतो, इथे १५० किलो. सपाटीवर उभ्या ट्रॅक्टरला हे वीस किलो कमी पडतात; चढावर किंवा खड्ड्यात पुढची चाकं सरळ उचलली जातात. इथे पुढे ४० किलोच्या वजनपट्ट्या बसवल्या की भागतं. त्या बसवायची सोय आहे का, हे घेण्याआधी बघा. मागच्या टायरमध्ये पाणी भरायचं असेल तर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून त्याच्या पातळीपर्यंतच भरा, म्हणजे टायर सुमारे ७५ टक्के भरतो.

लिफ्टच्या, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या यंत्रणेच्या क्षमतेत फसवणूक नसते, पण गल्लत होते. काही पत्रकांत ती खालच्या दांड्यांच्या टोकाशी दिलेली असते, काहींत टोकापासून ६१० मिलिमीटर मागे. दुसरा आकडा नेहमी कमी येतो आणि कामाचा तोच, कारण अवजाराचं वजन खरोखर तिथेच लटकतं. दोन मॉडेलांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच जागेचे आहेत ना, हे आधी विचारा. तुमच्या कामांना ६१० मिमीवर ५०० किलो पुरे. अवजार जोडायच्या पिनाही बघा: कॅटेगरी १ (जोडणीचं ठरलेलं माप) ला खालच्या २२ मिमी, वरची १९ मिमी. अगदी लहान ट्रॅक्टरवर सगळ्या १६ मिमीच्या, म्हणजे कॅटेगरी ० च्या असतात, आणि मग निवडायला अवजारंच कमी उरतात.

माझ्या मते सर्वांत जास्त चौकशी क्लचची करावी. साध्या एकाच क्लचमध्ये पेडल दाबलं की चाकं आणि पीटीओ दोन्ही थांबतात. रोटाव्हेटर अडकला तर ट्रॅक्टर थांबवून तो फिरता ठेवता येत नाही. गवत कापायच्या यंत्रात तर उलटंच होतं: जड पाती आपल्या वेगानं फिरत राहतात आणि शाफ्टमधून गिअरबॉक्सला, म्हणजे ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतात. क्लच दाबूनही ट्रॅक्टर थांबत नाही. असा ट्रॅक्टर घेणार असाल तर पीटीओवर ओव्हररनिंग क्लच (अवजाराची फिरकी ट्रॅक्टरकडे उलटी येऊ न देणारा) हवाच. ड्युअल क्लच (पेडल अर्धं दाबलं की फक्त चाकं थांबतात) किंवा स्वतंत्र पीटीओ असेल तर ही कटकट राहत नाही. सर्वांत हळू गिअरमध्ये, पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर असताना, वेग ताशी दोन किलोमीटरच्या आसपास यायला हवा. त्याहून जास्त असेल तर रोटाव्हेटर माती बारीक न करता ढेकळं सोडतो.

फोर व्हील ड्राइव्ह? तुमच्याकडे चढाचा कच्चा रस्ता आहे, तेव्हा हो. पण कडक रस्त्यावर ते बंद ठेवा. पुढची चाकं मुद्दाम किंचित जास्त वेगानं फिरतील अशी जुळणी असते; मऊ जमिनीत तो फरक मुरतो, डांबरावर तो टायर आणि पुढच्या गिअरवर निघतो. याच कारणानं टायर बदलताना मनाला येईल तो आकार बसवू नका, पुढच्या-मागच्या टायरचं प्रमाण बिघडतं.

ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी संरक्षक कमान हवीच. फांद्यांमुळे ती दुमडावी लागेल, म्हणून दुमडणारी घ्या. कमान उभी असताना सीटचा पट्टा लावायचा, दुमडली असताना लावायचा नाही. आणि झाडाचा बुंधा ओढायची साखळी कधीही टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी अडकवू नका. ओढ मागच्या अॅक्सलच्या वरून लागली की पुढची चाकं उठतात आणि क्षणात ट्रॅक्टर मागे उलटतो. ओढायचं ते ड्रॉबारवरूनच, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढपट्टीवरूनच.

तेव्हा तुमच्यासाठी: २२ ते २५ एचपी, ७५० ते ९०० किलो, फोर व्हील ड्राइव्ह, ड्युअल क्लच. २८ चा घेतला तर ताकद जास्त मिळेल, पण तो बहुधा रुंदही असेल आणि बागेत वळवताना झाडांच्या साली निघतील.

जुना बघायला जाणार असाल तर इंजिन थंड असतानाच जा. विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिपस्टिकवर दुधाळ रंग म्हणजे ऑइलमध्ये पाणी. अवजार वर उचलून इंजिन बंद करा. काही मिनिटांत ते खाली बसलं तर लिफ्टचं सील किंवा व्हॉल्व्ह गेलाय. मोकळ्या जागी वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच हळू सोडा: इंजिन बंद पडलं पाहिजे, चालत राहिलं तर क्लच प्लेट घसरते. पुढचा अॅक्सल जॅकवर घेऊन चाक हलवून बघा. तासांचं मीटर कमी दाखवत असेल आणि पेडलचं रबर गुळगुळीत असेल, तर पेडलवर विश्वास ठेवा.

नवा घेतला तरी पीटीओ शाफ्ट आपल्या अवजाराला मापून घ्या. अवजार वर-खाली करून ट्रॅक्टर-अवजार सर्वांत जवळ येतात तिथे मापा: शाफ्ट पूर्ण आत गेल्यावरही अडीच सेंटिमीटर मोकळी जागा हवी. सर्वांत लांब स्थितीत दोन्ही नळ्या निदान एक तृतीयांश एकमेकींत राहिल्या पाहिजेत. लांब शाफ्ट तसाच बसवला तर पहिल्याच उचलीला तो पीटीओच्या बेअरिंगवर ठोकतो. शिअर बोल्ट (जास्त ताण आला की आधी तुटावा म्हणून लावलेला) तुटला तर त्याच्या जागी जास्त कडक बोल्ट घालू नका. मग पुढच्या दगडाला बोल्टऐवजी गिअरबॉक्स तुटतो.