गावाचा निसर्ग आणि ग्रामपंचायत

प्रश्न : आमच्या गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती केवळ कागदावर आहे. निसर्ग सावरण्यासाठी ग्रामपंचायतीने आरंभ कोठून करावा?

उत्तर : जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ४१ नुसार अशी समिती नेमणे प्रत्येक ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. आरंभ लोकजैवविविधता नोंदवहीपासून, म्हणजे गावातील वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान टिपणाऱ्या वहीपासून करावा; मात्र ती बाहेरच्या माणसाकडून घाईने लिहवून न घेता गुराखी, वैदू, मासेमार आणि बियाणे राखणाऱ्या स्त्रिया यांच्यासोबत ऋतूनुसार शिवार फिरून भरावी, कारण कोणता ओढा कधी आटू लागला हे त्यांनाच ठाऊक असते. मगच देवराई, गायरान व ओढाकाठ यांची कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात निधीसह घालावीत. सरसकट वृक्षलागवड कृपया टाळावी. माळरानावर झाडे लावल्यास तेथील गवत आणि माळढोकासारखे पक्षी हरवतात. गावातील अशी वैशिष्ट्यपूर्ण जागा कायद्याने जपताही येते : सिंधुदुर्गातील बांबर्डे येथील रानजायफळाची दलदलीची राई २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळ, म्हणजे त्याच कायद्याखाली शासनाने जपणुकीसाठी घोषित केलेली जागा, झाली.