डुक्कर कुकरमध्ये, पोरगं डोंगरावर

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही जर्मनीत ऑग्सबुर्गला असतो. मिस्टरांच्या ऑफिसमधला एक जण शिकारी आहे, लायसन्सवाला, त्याने परवा रानडुकराचं दोन किलो मटण दिलंय, फ्रोझन. सासूबाई इकडे आल्यात, त्या म्हणतात मी हात लावणार नाही. मिस्टर म्हणतात ग्रिल करू, मस्त लागतं. मी मधल्या मधे. खाल्लं तर चालतं का? आणि दुसरं म्हणजे मुलगा बारा वर्षांचा आहे, सेलेस्ट नावाचा गेम खेळतो, त्यातली मुलगी सारखी मरते, मरण्याचा आकडा हजाराच्या वर गेलाय. हा चिडतो, रडतो, आणि परत तेच. बंद करून टाकू का?

उत्तर: ताई, सासूबाईंना वरणभात करा, त्यांच्या मागे लागू नका. बाकीच्यांनी खायला हरकत नाही, पण त्या शिकारी मित्राला आधी तीन गोष्टी विचारा, आणि लाजू नका, तिकडे हे विचारणं एकदम नॉर्मल आहे.

पहिली, ट्रिचिनेलाची टेस्ट झालीये का. हे बारीक किडे असतात, डुकराच्या मांसात दडून बसतात, आणि माणसाच्या पोटात गेले की जुलाब, ताप, अंगदुखी, डोळ्यांभोवती सूज. जर्मनीत रानडुकराची ही तपासणी कायद्यानेच करावी लागते, त्यामुळे बहुतेक झालीच असेल, तरी विचारा. दुसरी, सीझियम मोजलंय का, म्हणजे किरणोत्सर्ग करणारा पदार्थ. १९८६ ला चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला तेव्हा त्याचा पाऊस तुमच्या बव्हेरियावर चांगलाच पडला, आणि रानडुकरं जमिनीखालची एक बुरशी उकरून खातात जिच्यात ते सीझियम अजून साठलेलं आहे. हरणांमध्ये एव्हाना बरंच कमी झालंय, डुकरांमध्ये नाही, आणि २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्यातलं काही तर चेर्नोबिलच्याही आधीच्या अणुचाचण्यांचं आहे! किलोमागे ६०० बेकरेलच्या (किरणोत्सर्ग मोजायचं माप) वर असेल तर ते मटण तिकडे विकता येत नाही. आणि हे कितीही शिजवलं तरी जात नाही, म्हणून मोजलेलंच बरं. तिसरी, गोळी शिशाची होती का. शिशाचे डोळ्याला न दिसणारे कण जखमेपासून लांबपर्यंत पसरतात. सात वर्षांपर्यंतची मुलं, गरोदर बायका आणि ज्यांचा मुलाचा विचार चाललाय त्यांनी असं मटण खाऊ नये असं तिकडची सरकारी संस्थाच सांगते.

आता ग्रिल. मिस्टरांना सांगा, नको. २०२२ मध्ये अमेरिकेत साउथ डकोटाला एक कुटुंब जमलं होतं, त्यांनी अस्वलाच्या मांसाचे कबाब केले. मांस ४५ दिवस फ्रीझरमध्ये होतं म्हणून सगळे निवांत. पण थंड प्रदेशातल्या ट्रिचिनेलाच्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत. त्यात ते मांस इतकं काळपट की कच्चं का शिजलेलं हे कळेना, थोडं खाल्ल्यावर कुणालातरी कच्चं वाटलं, मग परत भाजलं. सहा जण आजारी पडले, आणि त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, फक्त त्याच्यासोबत भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. म्हणजे रंगावर, अंदाजावर जायचं नाही. मधोमध ७२ डिग्री, आणि तिथे दोन मिनिटं. थर्मामीटर नसेल तर ग्रिल विसरा.

आणि आपल्याकडे कुकर असताना ग्रिलचा हट्ट कशाला, मला खरंच कळत नाही. पाळलेल्या डुकरापेक्षा रानडुकरावर चरबी कमी असते आणि मांस राठ, ते नुसतं भाजलं की चामडं होतं. रात्रभर दही, आलं-लसूण, हळद, तिखट लावून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी कांदा-खोबऱ्याचं वाटण, तेल जरा सढळ हाताने, आणि कुकर. शिट्ट्या किती ते मी सांगत नाही, जनावर कोवळं का थोराड त्यावर आहे, बोटाने तुटेपर्यंत. कच्च्या मटणाची चिरायची फळी-सुरी वेगळी ठेवा, कोशिंबीर त्याच फळीवर चिरू नका.

आता पोरगं. बंद करू नका! मटणात एक चूक महागात पडते, या गेममध्ये चूक फुकट आहे, सगळा फरक तिथेच आहे. सेलेस्टमध्ये मेलं की क्षणात त्याच स्क्रीनच्या सुरुवातीला परत उभं करतात, ना लाइफ जाते ना मागचे लेव्हल, त्यामुळे हजार मरणं म्हणजे हजार वेळा हरला असं नाही, हजार वेळा करून बघितलं एवढंच. गेम स्वतःच सांगतो की या आकड्याचा अभिमान बाळगा. आणि तो दिसतो तेवढा क्रूर नाही, आतून बऱ्याच ठिकाणी खेळणाऱ्याच्या बाजूने असतो. म्हणजे कडा संपून पाय हवेत गेला तरी सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडी मारू देतो, डोकं कोपऱ्याला जरासं घासलं तर हळूच बाजूला सरकवून घेतो. खेळणाऱ्याला वाटतं मीच भारी.

रडतोय त्याचं मात्र बघा. एकाच स्क्रीनवर अडकून तासभर झाला, बोटं आवळून धरलीत, तर उठवा, सकाळी तीच स्क्रीन बरेचदा सहज निघते. मेनूमध्ये असिस्ट मोड आहे, वेग कमी करता येतो, हातांची ताकद न संपणारी करता येते, अगदी मरणं पण बंद करता येतं. तो चालू करायचा का नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या, पण असतो एवढं माहीत असू द्या. वाटेत ठेवलेल्या स्ट्रॉबेऱ्या नाही गोळा केल्या तरी गोष्ट पूर्ण होते. बी-साइड (त्याच लेव्हलची जास्त अवघड रूपं) वगैरेच्या नादाला आत्ता लागायला सांगू नका, ते वेगळंच प्रकरण आहे.

आणि एकदा शेजारी बसून बघा हो. डोंगरावर चढणाऱ्या त्या मॅडलिनला मध्येच रोपवे अडकल्यावर पॅनिक अटॅक येतो, तेव्हा तिचा मित्र तिला मनात एक पीस आणून श्वासावर ते तरंगत ठेवायला सांगतो. ते बटणाने आपल्यालाच करायचं असतं. २०१८ चा गेम आहे, पण बारा वर्षांच्या पोराशी या विषयावर बोलायला याच्यापेक्षा बरं निमित्त मला तरी माहीत नाही.

प्रश्न: दादा, गाव चिपळूणजवळ. रानडुकरांनी भात, सुरण काही ठेवलं नाही. वाडीतली काही माणसं फासकी लावतात आणि मटणाचा वाटा घरोघरी येतो. जर्मनीत चालतं तर आपण का नाही? खाल्लं तर काय होईल?

उत्तर: शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे आणि त्याला वाऱ्यावर सोडलंय हेही खरं. पण मित्रा, वाटा घेऊ नकोस. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानडुक्कर येतं, भेकर, साळिंदर, ससासुद्धा. परवानगीशिवाय मारणं तर गुन्हा आहेच, ते मटण घरात सापडणं पण गुन्हा, मग फासकी कुणी का लावेना. जर्मनीत शिकाऱ्याने परीक्षा दिलेली असते, डुकराची टेस्ट होते. इथे तुझ्या टोपातल्या डुकराची तपासणी कुणी केली? आणि फासकीला डोळे नसतात रे, कोकणात डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबटे अडकून मेल्याच्या बातम्या येतच असतात. नुकसान झालं की फोटो काढ, वनरक्षकाला कळव, भरपाईचा अर्ज लगेच टाक, उशीर झाला की फाइल लटकते. वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

प्रश्न: वय ४४, नाशिक. लहानपणी कॅसेटवर मारिओ, काँट्रा, कॉम्प्युटर क्लासला डेंजरस डेव्ह, सगळं केलंय. आता असले अवघड गेम परत खेळावेसे वाटतात. बोटं चालतील का?

उत्तर: चालतील की! आधी पैसे घालू नका. सेलेस्टचं एक छोटं रूप आहे, मोठ्या गेमच्या आधी चार दिवसांत बनवलेलं, ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतं. ते करून बघा, मजा आली तर मोठा घ्या. मोबाइलच्या काचेवर मात्र असले गेम नकोत, बटण कुठे आहे ते बोटाला लागत नाही आणि दोष आपण वयाला देतो. बरा कंट्रोलर घ्या. आणि डेव्हच्या आठवणीवर फार विसंबू नका, तिथे लाइफ संपल्या की पहिल्यापासून सुरुवात होती आणि आपल्याकडे आख्खी सुट्टी होती.

प्रश्न: मी शुद्ध शाकाहारी. सुपर मीट बॉय खेळलं तर चालेल का? (हसू नका.)

उत्तर: हसलोच. हिरो म्हणजे कातडी नसलेला मांसाचा चौकोन, पळेल तिथे लाल डाग सोडतो, आणि लेव्हल संपली की तुमची सगळी मरणं एकाच वेळी स्क्रीनवर पळताना दाखवतात, ते बघायलाच खेळावं. २०१० ला गेम आला तेव्हा पेटा या प्राणीहक्कवाल्या संघटनेने टोमणा म्हणून सुपर टोफू बॉय नावाचा गेम काढला होता. मीट बॉयवाल्यांनी काय केलं, टोफू बॉयला आपल्याच गेममध्ये घेतला, पण असा की त्याला धड पळता येत नाही आणि उडीही जेमतेम. तुम्ही तो निवडू शकता, पण मग लेव्हल पूर्ण होत नाही म्हणून मला पत्र लिहू नका.