ॲम्ब्युलन्सला सिग्नल तोडायची मुभा असते का?

तुम्ही लिहिलंय की खासगी ॲम्ब्युलन्सवर नुकतेच लागलात आणि मालक म्हणतो, "आपल्याला सगळं माफ असतं." मी पुण्यात बरीच वर्षं हीच गाडी चालवतोय. भाऊ, सगळं माफ नसतं. मोजक्याच गोष्टींना मुभा आहे, आणि तीही अटीवर.

2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांत ही मुभा दिलेली आहे. जीव वाचवायची खरोखर घाई असेल, सायरन आणि दिवा चालू असेल, तर लाल सिग्नल ओलांडता येतो, वेगमर्यादेपेक्षा जोरात जाता येतं, रस्त्याच्या कडेवरून किंवा वन-वेत उलटं जाता येतं. पण काळजी घेऊन, जबाबदारीने, ही अट तिथेच घातलेली आहे. उद्या केस उभी राहिली तर सगळं त्या अटीवर येऊन थांबतं. मोबाईल आणि दारूला अजिबात सूट नाही. पेशंट उतरवून रिकामी गाडी परत आणताना तुम्ही इतरांसारखेच. तेव्हा सायरन वाजवू नका. मृतदेह घरी पोचवतानाही तसंच. चौकात अग्निशमन दलाचा बंब समोर आला तर आधी बंबाला जाऊ द्या, क्रमात तो आपल्या वर आहे.

अपघातात कुणी दगावलं तर पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 304-अ (निष्काळजीपणाने मृत्यू) लागायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106 आहे. गुन्हा स्टिअरिंगवरच्या माणसावर नोंदवतात. मागून "दामटा, दामटा" ओरडणारे नातेवाईक तेव्हा तुमच्या बाजूला उभे नसतात.

लाल सिग्नलवर मी गाडी जवळजवळ उभी करतो, सायरनचा सूर बदलतो आणि एकेक लेन बघत पुढे सरकतो. डावीकडे पीएमपीची बस थांबलेली असते, ड्रायव्हर हात करून "जा" म्हणतो, आणि नेमकी त्याच बसच्या आडून स्कूटर येते. त्या पोराला आपण दिसत नाही, कानात इयरफोन असेल तर ऐकूही येत नाही. सातारा रोडला बीआरटीच्या, म्हणजे फक्त बससाठीच्या लेनमधून काढताना मधल्या थांब्यांपाशी वेग कमीच ठेवा, माणसं फक्त बसच्या अंदाजाने रस्ता ओलांडतात. पुढे दुसरी ॲम्ब्युलन्स असेल तर जास्त सांभाळा. ती गेली की लोक लगेच गाड्या रस्त्यात घालतात.

ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ई खाली 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, 2019 पासून. म्हणून त्याला घासून जायचा हक्क आपल्याला मिळत नाही.

आणि मागे काय चाललंय तेही बघा. पेशंटची छाती दाबून सीपीआर देत असलेला माणूस तुमच्या एका करकचून ब्रेकने भिंतीवर आदळतो, सलाईनची सुई निघते. एकसारखी, न हिसकता चालवलेली गाडी पेशंटला जास्त उपयोगी पडते.

कॅमेऱ्याने ई-चलान पाठवलं तर घाबरून भरून टाकू नका. महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवा, सोबत त्या फेरीची नोंद आणि हॉस्पिटलचा रेफरचा कागद जोडा. म्हणून प्रत्येक फेरीची वेळ, कुठून कुठे, हे गाडीतल्या वहीत त्याच दिवशी लिहा. मालक सांगो न सांगो.