पॅरिस, इंटरलाकेन, व्हेनिस, रोम: पास की सुटी तिकिटं?

पुण्याहून तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे आईबाबा, मे महिन्यात दोन आठवडे. युरेल पास (अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास) घ्यावा का, तिकिटं व्हिसाच्या आधी काढावीत का आणि एवढ्या गाड्या आईबाबांना झेपतील का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. आईबाबांना नक्की झेपतील. युरेल पास तुमच्या सहलीसाठी मी घेणार नाही. तिकिटांचं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल.

शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) गाडी सरहद्द ओलांडते तेव्हा अनेकदा कळतही नाही. त्यामुळे सगळा युरोप म्हणजे एकच रेल्वे, असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात प्रत्येक देशाची रेल्वे वेगळी आणि भाड्याचे नियमही वेगळे. फ्रान्स आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांचं भाडं विमानासारखं वाढत जातं: लवकर काढलं तर स्वस्त, आयत्या वेळी दुप्पट-तिप्पटही होऊ शकतं, आणि सीटचं आरक्षण सक्तीचं. स्वित्झर्लंडच्या आतल्या साध्या तिकिटाचं असं नाही. भाडं ठरलेलं, आरक्षणाची गरज नाही, त्या दिवशी जी गाडी मिळेल तिच्यात बसा. म्हणून तुमच्या आराखड्यात आधी काढून ठेवण्यासारखी तिकिटं मोजकीच आहेत: पॅरिस ते स्वित्झर्लंडमधलं बाझल, इंटरलाकेनजवळच्या श्पीत्सहून मिलान, मिलान ते व्हेनिस आणि व्हेनिस ते रोम. बाकी सगळं तिथे गेल्यावर, हवा बघून ठरवा.

पास नको म्हणतो त्याचं कारणही हेच. या चारही टप्प्यांवर पास असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात, आणि फ्रान्सच्या गाड्यांत पासवाल्यांसाठी ठेवलेल्या जागा मर्यादित असतात. शिवाय इंटरलाकेनहून वर जाणाऱ्या युंगफ्राऊच्या डोंगरी गाड्यांत युरेलवर फक्त सवलत मिळते. जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स असं रोज गाव बदलत फिरणार असता तर मीच पास घ्या म्हटलं असतं, कारण तिथल्या बहुतेक गाड्यांत आरक्षणाची सक्ती नसते.

स्वित्झर्लंडपुरतं बोलायचं तर स्विस ट्रॅव्हल पास (देशभर चालणारा) आणि हाफ फेअर कार्ड (अर्ध्या भाड्याचं) यांची तुलना करा. ट्रॅव्हल पास वेंगेन आणि ग्रिंडेलवाल्ड या डोंगरातल्या गावांपर्यंत चालतो, पुढे युंगफ्राउयोख या सर्वांत वरच्या स्टेशनापर्यंत फक्त सवलत. हाफ फेअर कार्डावर तिकीट अगदी वरपर्यंत अर्ध्या किमतीत मिळतं. एकाच गावात मुक्काम आणि युंगफ्राउयोख नक्की, असं असेल तर मला हाफ फेअर कार्ड बरं वाटतं. रोज बोट, बस, दुसरं शहर असा बेत असेल तर पास. मुलीसाठी स्विस फॅमिली कार्ड मागून घ्या, ते फुकट असतं आणि 16 वर्षांखालची मुलं आईवडिलांपैकी एकाबरोबर त्यावर मोफत फिरतात. वरचं स्टेशन 3,454 मीटरवर आहे. आईबाबांना जाण्याआधी डॉक्टरांना विचारू द्या आणि वर गेल्यावर सावकाश चाला. त्यांनी वर जायचं नाही ठरवलं तर लाउटरब्रुनेनची दरी आणि ब्रिएन्झ तलावातली बोट यात त्यांचा दिवस सुरेख जाईल.

आता व्हिसा. अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी पोचणार तिकडे. तुमच्या यादीत इटलीची दोन शहरं आहेत, म्हणून बहुधा इटलीच निघेल, पण रात्री मोजून खात्री करा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यासाठी अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, तेव्हा थांबू नका. स्वस्त तिकिटांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, म्हणून व्हिसाचा शिक्का पडेपर्यंत ती काढू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पाचजणांची तिकिटं वाया जाण्यापेक्षा थोडं जास्त भाडं परवडतं. व्हिसा लांबलाच तर पॅरिस–बाझलसाठी रद्द करता येणारं तिकीट बघा.

गाड्यांचा क्रम असा. पॅरिसमध्ये एकच मध्यवर्ती स्टेशन नाही. स्वित्झर्लंडकडे जाणारी वेगवान गाडी, टीजीव्ही लिरिया, गार द लियाँ या स्टेशनाहून सुटते. गार द्यू नॉर आणि गार द लेस्त ही वेगळी स्टेशनं आहेत. फलाट साधारण वीस मिनिटं आधी लागतो आणि दारं सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, त्यामुळे निवांत आधी पोचा. बाझल साधारण तीन तास. तिथून बर्नमार्गे इंटरलाकेन ओस्ट दोन तास. स्विस वेळापत्रकात फलाट क्रमांक आधीपासून दिलेला असतो आणि एक गाडी हुकली तर पुढची लवकरच येते, म्हणून आईबाबांना इथे घाई करायला लावू नका.

इंटरलाकेन ते व्हेनिस हा दिवस मोठा आहे, आणि माझ्या मते या सहलीतला सर्वांत देखणाही. श्पीत्सला गाडी बदलून मिलानची युरोसिटी (दोन देशांमधली गाडी) धरायची. ती 2007 साली सुरू झालेल्या 34.6 किलोमीटरच्या ल्योचबर्ग पायथा बोगद्यातून जाते, मग ब्रिगनंतर 1906 साली खुल्या झालेल्या, जवळजवळ 20 किलोमीटर लांबीच्या सिम्प्लॉन बोगद्यातून इटलीत उतरते. पुढे डाव्या हाताला लागो मॅज्जोरे दिसायला लागतो. डावीकडच्या खिडक्या मिळाल्या तर घ्याच. या मार्गावर 2024 च्या उन्हाळ्यात रुळांच्या कामासाठी गाड्या बंद होत्या. म्हणून तिकीट काढण्याआधी तुमच्या तारखेला गाडी धावते आहे ना, हे स्विस रेल्वेच्या अ‍ॅपवर बघा. धावत नसेल तर लुत्सर्नमार्गे, 57 किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यातून मिलानला जाता येतं.

खरी काळजी मिलानमध्ये घ्यायची. इथे तुमचं एक तिकीट संपतं आणि दुसरं सुरू होतं. युरोपियन नियमांनुसार गाडी तासाहून जास्त उशिरा पोचली तर भाड्याच्या 25 टक्के आणि दोन तासांहून जास्त असेल तर 50 टक्के भरपाई मागता येते, पण वेगवेगळी काढलेली तिकिटं म्हणजे वेगवेगळे करार. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर स्वस्त तिकीट हातचं जाऊ शकतं. शक्य असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, नाहीतर मध्ये दीड तास ठेवा आणि मिलानच्या मुख्य स्टेशनावर, चेंट्रालेवर, बसून जेवा. इटलीत वेगवान गाड्यांच्या दोन कंपन्या आहेत, त्रेनइतालिया आणि इतालो. एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही. तिकीट यंत्रापाशी कोणी आपणहून मदतीला आलं तर नम्रपणे नको म्हणा.

सामान हा आईबाबांच्या दृष्टीने सर्वांत मोठा मुद्दा. हमाल मिळतील असं धरू नका, डब्याला कधीकधी पायऱ्या असतात, आणि मधल्या स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. प्रत्येकाची बॅग त्याला स्वतःला उचलता येईल एवढीच हवी. आईबाबांच्या बॅगा तुम्ही दोघांनी उचलायच्या असतील तर तुमच्या स्वतःच्या त्याहून लहान घ्या. पासपोर्ट बॅगेत न ठेवता अंगावर ठेवा. सरहद्दीजवळ पोलीस कधीही तपासायला येतात.

व्हेनिसचं तिकीट काढताना स्टेशन सांता लुचिया निवडा. मेस्त्रे हे त्याच्या अलीकडचं, मुख्य भूमीवरचं स्टेशन. सांता लुचियाच्या पायऱ्या उतरलं की समोर ग्रँड कॅनॉल. मुलीला हे आधी सांगू नका. तिथून रोम टर्मिनी वेगवान गाडीने साधारण चार तास.

विमानाचं तिकीट अजून काढलं नसेल तर जाताना मुंबई–पॅरिस आणि येताना रोम–मुंबई असं घ्या, म्हणजे परत पॅरिसला यायचा एक अख्खा दिवस वाचेल आणि तो व्हेनिसला देता येईल.